केनियाला अभ्यासदौऱ्यावर निघताना: एमबीएच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांना नेणाऱ्या सर-मॅडमसाठी

एमबीएच्या परदेशी अभ्यासदौऱ्याचा साचा ठरलेला असतो. सकाळी एका कंपनीत पीपीटी, दुपारी दुसऱ्या कंपनीत पीपीटी, मध्ये बुफे, निघताना कंपनीच्या बोर्डाखाली ग्रुप फोटो आणि शेवटचे दोन दिवस भटकंती. दुबई-सिंगापूरला हे खपून जातं. केनियाला याच साच्याने गेलात तर पदरात फारसं काही पडत नाही, कारण तिथला बराच धंदा सभागृहाबाहेर चालतो. तो एम-पेसा या मोबाइलवरच्या पैसे-सेवेच्या एजंटच्या खिडकीत दिसतो, नैरोबीच्या कामुकुंजी बाजारातल्या पत्र्याच्या शेडखाली दिसतो, चहाच्या खरेदी केंद्रावर दिसतो. त्यामुळे किती कंपन्या पाहायच्या हे मोजत बसण्यापेक्षा एक वस्तू धरा आणि तिचा शेतापासून पैशापर्यंत माग काढा. बाकीचं नियोजन त्याभोवती करा.

केनियाच का? मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, प्रवास सहा तासांच्या आसपासचा. व्यवहाराची भाषा इंग्रजी. आणि मराठी विद्यार्थ्यासाठी सगळ्यात मोठी सोय म्हणजे तिथल्या बऱ्याच गोष्टींना आपल्याकडे जोड आहे. तिथल्या सॅको म्हणजे आपल्या पतसंस्था, तिथला चामा म्हणजे भिशी आणि बचत गट यांच्या मधलं काहीतरी, आणि नैरोबीच्या रस्त्यावर प्रवासी वाहणाऱ्या बोडा-बोडा मोटरसायकलींत पुण्याच्या बजाजची बॉक्सर जिकडेतिकडे दिसते.

पहिली पायरी: माग कशाचा काढायचा ते ठरवा

हे काम निघण्याच्या निदान पाच-सहा महिने आधी व्हायला हवं. माझ्या मते तीन विषय एका आठवड्याच्या दौऱ्यात बसतात. गट मोठा असेल तर तीन तुकड्या करून प्रत्येकीला एक विषय द्यावा. एकाच तुकडीने तिन्ही करायला घेऊ नयेत.

पहिला विषय पैशाचा. सफारीकॉम या केनियाच्या मोबाइल कंपनीने २००७ मध्ये एम-पेसा सुरू केलं. साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवायचे, आणि रोख भरायची-काढायची ती गल्लीतल्या एजंटकडे. ग्राहकाला बँकेत खातं असण्याची गरज नव्हती. जमा झालेले पैसे ट्रस्टच्या नावाने व्यापारी बँकांत ठेवले जातात. आपल्या यूपीआयची मांडणी याच्या उलट आहे. ती २०१६ ची, पैसे थेट एका बँक खात्यातून दुसऱ्यात, आणि सामान्य ग्राहकाला शुल्क नाही. एम-पेसात पैसे पाठवण्यावर आणि काढण्यावर शुल्क आहे, एजंटचं कमिशन आहे, आणि त्यावरच ते सगळं जाळं उभं आहे. आता खरा प्रश्न: हेच एम-पेसा व्होडाफोनने २०१३ मध्ये भारतात आणलं आणि २०१९ मध्ये बंद केलं. तिथे रुजलं, इथे का नाही? ‘भारतात बँका जास्त’ एवढ्या उत्तरावर कोणी थांबलं तर त्याला परत अभ्यासाला बसवा. नियामकांची भूमिका, एका कंपनीचा बाजारातला वाटा, शहरातून गावी पैसे पाठवणाऱ्यांची गरज, एजंटला सुटणारे पैसे, सगळं तपासायला हवं. त्यापुढे २०१२ मधली एम-श्वारी ही बचत-कर्जाची सोय आणि २०१९ मधली फुलिझा ही ओव्हरड्राफ्टची, म्हणजे खात्यात पैसे कमी असले तरी व्यवहार करू देणारी सोय आहेच. फोनवर चुटकीसरशी मिळणाऱ्या छोट्या कर्जाने माणसाचं भलं होतं की तो अडकतो, यावर नैरोबीत कुणाशीही बोला, मत मिळेल.

दुसरा विषय फुलांचा. नैरोबीच्या वायव्येला सुमारे ९० किलोमीटरवर रिफ्ट खोऱ्यात नैवाशा सरोवर आहे आणि त्याच्या काठाने गुलाबाची पॉलिहाउस. विषुववृत्ताजवळची उंची, वर्षभर सारखा सूर्यप्रकाश, थंड रात्री आणि सरोवराचं गोडं पाणी, यामुळे युरोपच्या हिवाळ्यात इथे फूल काढता येतं. कापलेलं फूल शीतगृहात जातं, तिथून थंड ट्रकने नैरोबीच्या विमानतळावर आणि विमानाने नेदरलँड्सच्या आल्समीरसारख्या लिलावात किंवा थेट युरोपातल्या सुपरमार्केटच्या मागणीवर.

तिसरा चहाचा, आणि सहकाराच्या महाराष्ट्रातून जाणाऱ्याने हाच घ्यावा असा माझा आग्रह असतो. केनियातले सुमारे ६ लाख छोटे चहा उत्पादक केटीडीए या संस्थेशी जोडलेले आहेत. बहुतेकांची जमीन एकराच्या आतबाहेर. शेतकरी पानं तोडून खरेदी केंद्रावर आणतो, वजन होतं, कारखान्याचा ट्रक माल उचलतो. कारखान्याचे भागधारक हेच शेतकरी. दर महिन्याला काही रक्कम हातात पडते आणि वर्षाअखेरीस हिशेब होऊन उरलेली रक्कम मिळते, तिला तिथे बोनस म्हणतात. उसाची पहिली उचल आणि नंतरचा हप्ता यावरून आंदोलनं पाहिलेल्या आपल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. रिफ्ट खोऱ्याच्या पूर्वेकडच्या कारखान्यांचा बोनस साधारणपणे जास्त आणि पश्चिमेकडच्यांचा कमी, आणि त्यावरून धुसफुस असते. का, ते शोधायला तुम्ही जाताय.

दुसरी पायरी: पत्रं, फोन आणि तारखा

ईमेल पाठवून वाट पाहत बसलात तर वर्ष जाईल. आधी नैरोबीतलं एखादं विद्यापीठ यजमान म्हणून मिळवा. नैरोबी विद्यापीठ आणि स्ट्रॅथमोर विद्यापीठ या दोन्हीकडे व्यवसाय शिक्षणाचे विभाग आहेत. त्यांचं पत्र जोडलं की कंपन्यांची दारं लवकर उघडतात. मग संस्थेच्या लेटरहेडवर प्रत्येक कंपनीला वेगळं पत्र: आम्ही कोण, कितीजण, नेमकं काय पाहायचंय, कोणत्या विभागातल्या माणसाशी बोलायचंय. ‘आपल्या नामांकित संस्थेस भेट देण्याची संधी मिळावी’ छापाचं पत्र आलं की कंपनी जनसंपर्क विभागाकडे ढकलते आणि पीपीटी नशिबी येते. ‘कापणीनंतरची हाताळणी पाहायची आहे, पॅकहाउसच्या व्यवस्थापकाशी अर्धा तास हवा’ असं लिहा. पत्रानंतर चार दिवसांनी फोन, मग व्हॉट्सअॅप. केनियात व्हॉट्सअॅपवर कामाचं बोललेलं कुणाला खटकत नाही.

तारखा ठरवताना तीन गोष्टी पाहा. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. त्यामुळे जून ते सप्टेंबर किंवा जानेवारी-फेब्रुवारी बरं. पण विषय फुलांचा असेल तर व्हॅलेंटाइन डेच्या आधीचे दोन-तीन आठवडे टाळा. तेव्हा शेतावर पाहुण्यांशी बोलायला कोणी मोकळं नसतं. आणि राजकारणाकडे लक्ष ठेवा. तिथली सार्वत्रिक निवडणूक दर पाच वर्षांनी ऑगस्टमध्ये होते, पुढची २०२७ मध्ये. त्या हंगामात विद्यार्थ्यांना नेऊ नये. जूनमध्ये अर्थसंकल्प असतो. २०२४ मध्ये वित्त विधेयकाविरोधात नैरोबीत मोठी निदर्शनं झाली होती. प्रत्येक कार्यक्रमाला पर्यायी दिवस ठेवा.

दिवसाला दोन भेटी, त्याहून जास्त नकोत. वेस्टलँड्स ते म्लोलोंगो हा सुमारे २७ किलोमीटरचा टोलचा उन्नत मार्ग २०२२ मध्ये झाला तरी नैरोबीची वाहतूक कोंडी हिंजवडीवाल्यांनाही नवं काही शिकवते.

तिसरी पायरी: कागद आणि लस

२०२४ च्या जानेवारीपासून केनियाने व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी आणली. अर्ज केनिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा. गूगलवर वर दिसणारी काही संकेतस्थळं दलालांची असतात आणि दुप्पट पैसे घेतात. विमानाचं परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग लागतं. गटातल्या प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र. पासपोर्टवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षरशः जुळतंय का ते एकाने बसून तपासावं. आडनाव आधी की वडिलांचं नाव मध्ये, या गोंधळात आपल्याकडची मुलं हमखास अडकतात.

आता पिवळ्या तापाची लस. भारतातून जाणाऱ्याकडे केनिया या लसीचं प्रमाणपत्र मागत नाही, म्हणून अनेकजण ती टाळतात. प्रश्न येतो परत येताना. केनियाहून येणाऱ्या प्रवाशाकडे भारत हे प्रमाणपत्र मागतो आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतो. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी आणि ती सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते. तिथे लस द्यायचे वार ठरलेले असतात, गर्दी असते, तेव्हा दोन महिने आधी नंबर लावा. एकदा घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालतं. अंड्याची अॅलर्जी, गर्भधारणा, प्रतिकारशक्तीचा काही आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. नैरोबीत मलेरियाचा धोका कमी, किनाऱ्यावरच्या मोम्बासाकडे जास्त. त्याच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

प्रश्नावल्या छापून नेऊ नका. केनियात परदेशी व्यक्तीला संशोधन करायचं तर नॅकोस्टी या सरकारी आयोगाचा परवाना लागतो. गप्पा मारून समजून घेणं वेगळं आणि लोकांच्या मुलाखतींची आकडेवारी गोळा करून शोधनिबंध लिहिणं वेगळं. दुसरं करायचं असेल तर यजमान विद्यापीठामार्फत रीतसर परवाना काढा.

चौथी पायरी: गृहपाठ इथेच

ही पायरी सगळे गाळतात आणि नेमकी हीच दौऱ्याचा कस ठरवते. गुलाबाचा माग काढणाऱ्यांनी आधी तळेगाव दाभाडेला जावं. तिथल्या पुष्प उद्यानातून आणि मावळातल्या पॉलिहाउसमधून व्हॅलेंटाइनसाठी गुलाब परदेशी जातात. एका फुलामागे वीज, खत, मजुरी, विमानभाडं किती, देठाची लांबी किती लागते, ‘ए ग्रेड’ कशाला म्हणतात, हे इथे मराठीतून विचारता येतं. चहावाल्यांनी एखाद्या सहकारी साखर कारखान्यात दिवस घालवावा, जमलं तर प्रवरानगरलाच. काटा कसा होतो, दर कसा ठरतो, संचालक कसे निवडून येतात, सभासद तक्रार कुठे करतो, हे लिहून आणा. पैशाचा गट असेल तर गावातली पतसंस्था आणि आठवडी बाजारात यूपीआय घेणारा भाजीवाला.

याचा दुहेरी फायदा. एक म्हणजे प्रश्न नेमके होतात. दुसरं, तुमच्याकडे सांगायला काहीतरी असतं. केनियातला कारखाना व्यवस्थापक ‘तुमच्याकडे कसं करतात?’ असं विचारणारच. तेव्हा गुळमुळीत उत्तर देण्यापेक्षा ‘आमच्याकडे उसाचा काटा असा होतो’ म्हणून सुरुवात केली की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो.

बॅगेत काय

प्लॅस्टिकची पिशवी नको, एकही नको. केनियाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांवर बंदी घातली आणि कायद्यात मोठा दंड आणि चार वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आईने चिवडा-लाडू भरून दिलेल्या पिशव्या, ड्युटी फ्रीची पिशवी, चपला गुंडाळलेली पिशवी, सगळं उतरण्याआधी काढून टाका. डबे आणि कापडी पिशव्या वापरा. राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत, म्हणून स्टीलची बाटली.

स्वेटर घ्या. आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून मुलं टी-शर्टवर येतात. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटरवर आहे आणि जुलैत रात्री चांगलीच थंडी असते. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. डॉलरच्या नोटा नव्या आणि न दुमडलेल्या. बंद बूट दोन जोड, त्यातला एक चिखलासाठी. शाकाहाऱ्यांनी पोटाची काळजी करू नये: चपाती तिथे रोजच्या जेवणात आहे, सोबत घेवड्याचं कालवण आणि सुकुमा विकी ही पालेभाजी, मका-घेवड्याची गिथेरी, न्याहारीला मांदाझी आणि दुधाचा चहा. पार्कलँड्स भागात डायमंड प्लाझाच्या आसपास भारतीय जेवण सहज मिळतं. तरी रोज तिथेच जेवायचं नाही, असा नियम करा.

पहिला दिवस: सिम आणि हजार शिलिंग

पहिल्या दिवशी कुठलीच कंपनी ठेवू नका. सगळ्यांनी पासपोर्ट घेऊन सफारीकॉमच्या दुकानात जायचं, सिम घ्यायचं आणि त्यावर एम-पेसा सुरू करून घ्यायचं. मग प्रत्येकाच्या खात्यात हजार शिलिंग भरून चार कामं द्या. एजंटकडून थोडी रोख काढणे, दुकानात टिल नंबरवर, म्हणजे दुकानदाराच्या एम-पेसा क्रमांकावर पैसे भरणे, सोबतच्या मित्राला पैसे पाठवणे, आणि प्रत्येक व्यवहारावर किती शुल्क कापलं ते वहीत लिहिणे. चौथं काम कंटाळवाणं वाटतं पण रात्री वहीतले आकडे एकत्र केले की दोन तासांच्या व्याख्यानाचं काम होतं.

एजंटशी बोलायला वेळ काढा. त्याच्याकडे दोन साठे असतात, रोख आणि फ्लोट, म्हणजे फोनमधली एम-पेसाची शिल्लक. पगाराच्या दिवशी कोणता संपतो, सणाला गावी जाणाऱ्यांची गर्दी झाली की कोणता, आणि संपला की तो काय करतो, हे विचारा. दुकानात गिऱ्हाईक असेल तेव्हा बाजूला उभं राहायचं. त्याच्या गल्ल्यासमोर सात-आठ परदेशी घोळका करून उभे राहिले तर त्याचं नुकसान होतं.

बोलणं-चालणं

नमस्काराशिवाय कामाचं बोलायचं नाही. ‘हबारी?’ विचारायचं, ‘म्झुरी’ ऐकायचं, हात मिळवायचा, खोलीतल्या प्रत्येकाशी, चहा आणून देणाऱ्याशीसुद्धा. आपण पुण्यात ‘हां, बोला’ म्हणून सुरुवात करतो, ते तिथे उद्धट वाटतं. वेळेबाबत एक खबरदारी: स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास. इंग्रजीत बोलताना अडचण नाही, पण ड्रायव्हरशी वेळ ठरवताना ‘सकाळी सात, नाश्त्यानंतर’ असं खुलासेवार बोला.

सरकारी इमारती, पोलीस, विमानतळ यांचे फोटो काढू नका. माणसांचे विचारून. नैरोबीतल्या किबेरा या झोपडवस्तीत गाडीतून फेरी मारून फोटो काढण्याचा कार्यक्रम काही टूर कंपन्या विकतात. तो घेऊ नका. तिथल्या एखाद्या बचत गटाने बोलावलं तर जा, बसा, ऐका. दुसऱ्याची गरिबी बघायला तिकीट काढणारा विद्यार्थी व्यवस्थापन शिकत नाही.

बाजारांपैकी दोन चुकवू नयेत. कामुकुंजीला जुआ काली, म्हणजे उघड्यावर छोटे उद्योग करणारे कारागीर पत्रे ठोकून पातेली, ट्रंका, चुली बनवतात. ठोकाठोकीच्या आवाजात बोलणं कठीण, म्हणून आधी एखादी छोटी वस्तू विकत घ्या आणि मग पत्रा कुठून येतो, उधारी किती दिवसांची ते विचारा. गिकोंबाला परदेशातून गाठोड्यांनी येणारे जुने कपडे, मितुंबा. गाठोडं न उघडता विकत घ्यावं लागतं, आत काय निघेल ते नशिबावर. जोखीम आणि किंमत यांचं नातं शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. दोन्हीकडे ओळखीचा स्थानिक माणूस सोबत हवा, मोबाइल खिशात आत. बोडा-बोडावर बसू नका, विमा बहुधा भरपाई देणार नाही. पण चालकाशी गप्पा मारा. गाडीचा हप्ता कसा, किती दिवसांत फिटतो, सुटे भाग अस्सल की नकली, हे सांगताना त्याला समजलं की ही मुलं बॉक्सर बनवणाऱ्या बजाजच्या गावची आहेत, तर तक्रारीही ऐकायला मिळतात.

नैवाशा आणि मोम्बासा

नैवाशाला पहाटे निघा. शेतावर औषध फवारलं असेल तर ठरावीक तास आत सोडत नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करून खात्री करावी. दारात जंतुनाशकात बूट बुडवायला सांगतात. पॉलिहाउस सगळीकडचे सारखेच दिसतात. तुमचा वेळ पॅकहाउसला द्या. तिथे प्रतवारी करणाऱ्या बहुतांश बायका असतात. त्यांची पाळी किती तासांची, हंगामात कशी वाढते, फेअरट्रेडचे, म्हणजे न्याय्य व्यापाराच्या प्रमाणपत्रामुळे मिळणारे जादा पैसे आले तर ते कुठे खर्च करायचे हे कोण ठरवतं, असे प्रश्न व्यवस्थापकासमोर त्यांना विचारू नका, व्यवस्थापकालाच विचारा. त्या बायकांना अडचणीत टाकून तुम्ही संध्याकाळी परत जाणार असता. पाण्याचा प्रश्नही काढा: सरोवर एक, वापरणारे अनेक.

मोम्बासाला रेल्वेने जा. २०१७ मध्ये चिनी कर्जातून झालेला हा स्टँडर्ड गेज लोहमार्ग स्वतःच एक विषय आहे. तिकिटाचे पैसे एम-पेसाने, पासपोर्ट सोबत. नैरोबीचं टर्मिनस शहराबाहेर स्योकिमाऊला आहे आणि गाडीत चढण्याआधी सामानाची तपासणी दोनदा होते, कुत्री फिरवून. दीड तास आधी पोहोचा. प्रवास पाच-सहा तासांचा.

मोम्बासाचा चहा लिलाव पाहायचा म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर हातोडा येतो. २०२० पासून लिलाव संगणकावर चालतो, तेव्हा बघायला फारसं काही नाही. त्यापेक्षा दलालाच्या चव घेण्याच्या खोलीत परवानगी मिळवा. टेबलावर कपांची रांग, चव घेणारा चमच्याने सुर्रकन ओढतो, थुंकतो, पुढच्या कपाकडे, आणि तेवढ्यावर भाव ठरतो. इथे केनियाबरोबर युगांडा, रवांडा वगैरे देशांचाही चहा विकला जातो, व्यवहार डॉलरमध्ये होतो, आणि केनियाच्या चहाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक पाकिस्तान आहे. २०२१ मध्ये केटीडीएच्या चहाला किलोमागे २.४३ डॉलर ही किमान राखीव किंमत लावली गेली आणि पुढे न विकलेला माल गोदामांत साचत गेला. आपल्याकडे साखरेची किमान विक्री किंमत २०१८ मध्ये २९ रुपये आणि २०१९ मध्ये ३१ रुपये झाली. दोन्हींचे परिणाम सारखे का नाहीत? साखर बहुतांशी देशातच खपते, तिथला चहा बहुतांशी बाहेर जातो, एवढा धागा देऊन ठेवतो. पुढचं विद्यार्थ्यांनी करायचं.

रोज रात्री आणि परतल्यावर

जेवणानंतर पाऊण तास सगळ्यांनी बसायचं. प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या: आज काय अनपेक्षित दिसलं, आणि उद्या कुणाला काय विचारायचं. एकजण टिपण ठेवेल. दमलेली मुलं कुरकुर करतात, तरी सोडू नका. तीन दिवसांनी कुठली गोष्ट कुठे ऐकली हे कुणालाच आठवत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी एम-पेसातली शिल्लक काढून घ्या. पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनच्या सामानात गेलं तर मुंबईला आरोग्य तपासणीच्या टेबलासमोर उभं राहून उपयोग नाही. यजमानांना आठवड्याच्या आत आभाराचं पत्र, आणि अहवाल तयार झाला की त्यांच्याबद्दल लिहिलेला भाग त्यांना आधी वाचायला पाठवायचा. ते दुरुस्त्या सुचवतात, कधी एखादा आकडा गाळायला सांगतात. गाळा. पुढच्या वर्षीच्या तुकडीला त्याच दारातून आत जायचं असतं.